शोभेची दारू

कोणत्या कृतीस कला म्हणावे आणि कोणतीस नुसती करमणूक, हा वाद बहुधा पंडितांच्याच करमणुकीचा विषय असतो. त्याचा निकाल कसाही लागला तरी चित्रकाराचा कुंचला थांबत नाही की गवयाचा तंबोरा उतरत नाही. परंतु एका धंद्याच्या बाबतीत ह्या वादाच्या निकालावर पुष्कळ काही अवलंबून आहे. तो धंदा म्हणजे दारूकाम, आतषबाजी, किंवा आपल्या खेड्यापाड्यांतील रूढ शब्दांत सांगावयाचे तर शोभेची दारू. गेल्या काही दशकांत जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी दारूकाम करणाऱ्यास कलावंतांच्या पंक्तीस बसविले आहे. संगणकावर क्षणाच्या अंशापर्यंत आखलेले, संगीताच्या तालावर उमलणारे, संकल्पकाच्या नावाने ओळखले जाणारे दारूकाम हे आधुनिक कलेचे व रचनाविद्येचे एक नवे दालन आहे, असे आता सांगण्यात येते. आमचा ह्या म्हणण्यास विरोध नाही. उलट ते खरे ठरावे अशीच आमची इच्छा आहे. मात्र ते खरे ठरल्यास कलावंताच्या पदरी कोणते हक्क पडतात आणि कोणते ओझे त्याच्या खांद्यावर येते, ह्याचा हिशेब कोणी नीट मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. तो मांडून पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. जपानी भाषेत ह्या वस्तूस 'हानाबी' म्हणतात. त्यात फूल आहे आणि अग्नी आहे. फारसीतून आलेल्या 'आतषबाजी'त अग्नीचा खेळ आहे. मराठीने मात्र दारूला 'शोभेची' असे विशेषण लावले, आणि ते लावताना शोभेची नव्हे अशी दुसरी एक दारू जगात आहे, ह्याची आठवण त्या नावातच जपून ठेवली. (पिण्याची दारू ती तिसरी, तिचा येथे संबंध नाही, जरी वरातीत ह्या दोहोंची गाठ वारंवार पडते.) शंभर भागांत पाऊणशे भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक, हे मिश्रण तोफेच्या पोटात गेले की माणसे मरतात आणि कागदाच्या नळीत गेले की मुले टाळ्या पिटतात. द्रव्य तेच, फरक हेतूचा आणि आकाराचा. आम्ही जांभूळचे रहिवासी. आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर अंबरनाथ आहे. तेथे स्वीडिश भांडवलावर १९२३ साली निघालेल्या विम्को कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना होता. 'विम्को नाका' हे नाव अद्याप लोकांच्या तोंडी आहे. त्याच अंबरनाथेत १९५३ साली सरकारी आयुधनिर्माणी निघाली. म्हणजे एकाच गावात एका बाजूस चुलीचा व निरांजनाचा अग्नी पेटीत भरला जात होता आणि दुसऱ्या बाजूस काडतुसांची पितळी कवचे घडत होती. शोभेची दारू ह्या दोहोंच्या मधोमध उभी आहे. ती चुलीसारखी उपयोगाची नाही, आणि तोफेसारखी घातक नसावी अशी अपेक्षा आहे. जी वस्तू उपयोगाची नाही तिला शोभेवाचून दुसरे समर्थन नाही. शोभा गेली की मागे उरते ती नुसती दारू.

ही शोभा आपल्या देशात केव्हा आली, ह्याविषयी अभिमानी मंडळींनी बराच धूर केला आहे. पुराणांतील अग्न्यस्त्रे पुढे करून ही विद्या आपलीच असे म्हणण्याचा मोह पुष्कळांस होतो. वस्तुतः बंदुकीची दारू ही चीनची देणगी होय. हा धूर निवारण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे ह्यांच्याकडे जाते. इसवी सन १४०० ते १९०० ह्या पाच शतकांतील भारतीय दारूकामाचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी निबंध १९५३ साली प्रसिद्ध झाला. १४४३ साली विजयनगरास आलेला इराणी वकील अब्दुर रझाक महानवमीच्या उत्सवातील दारूकाम पाहून चकित होतो. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव ह्याच्या नावावर असलेल्या 'कौतुकचिंतामणी' ह्या सोळाव्या शतकातील संस्कृत ग्रंथात तर दारूकामाच्या कृतीच दिलेल्या आहेत. आमच्या एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तही दारूकाम आहे. द्वापरयुगातल्या लग्नात आपल्या काळची दारू उडवावयास नाथांस यत्किंचितही संकोच वाटला नाही, आणि तो वाटावयास नको होता. ज्या सोहळ्यात आपल्या डोळ्यांस दिपवणारे काही नाही तो सोहळा श्रोत्यास खरा कसा वाटावा?

परंतु आम्हांस इतिहासापेक्षा 'कौतुकचिंतामणी'तील नावे अधिक बोलकी वाटतात. कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंपाबाण, चंद्रज्योति, पुष्पवर्ति: एक झाड आहे, एक चवरी आहे, एक चाफा आहे, एक चांदणे आहे, आणि शेवटची तर उघडच आपली फुलबाजी आहे. नाव ठेवणाऱ्याने आधी एक आकृती मनात धरली आणि मग तिच्यासाठी दारू कुटली. लोखंडाचा कीस घातला म्हणजे ठिणगी सोनेरी फुलाची होते, बांबूची नळी वापरली म्हणजे धार उंच जाते, हे ज्ञान त्या आकृतीच्या सेवेस होते. आजच्या पेटीवरील नावांत बॉम्ब किती आणि फुले किती हे वाचकांनी दुकानात जाऊन पाहावे.

आकृतीच्याही पुढची पायरी म्हणजे कथा, आणि तीही आपल्याकडे गाठली गेली होती. महादजी शिंदे १७९२ साली पुण्यास आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले. ह्या दीड-पावणेदोन वर्षांच्या मुक्कामातील एक हकीकत गोडे ह्यांनी पेशव्यांच्या बखरीतून उचलून दिली आहे. कोट्याच्या राजाकडे दिवाळीत चार दिवस लाखो दिवे लागतात आणि नगराबाहेर 'दारूखान्याची लंका' होते, असे महादजींनी सवाई माधवरावांस सांगितले. मध्यभागी रावण, भोवती राक्षस व वानर, दारूनेच रचलेली घरे, आणि एक मोठा हनुमान. हनुमानाच्या शेपटास बत्ती दिली म्हणजे तो आकाशात उड्डाण करतो आणि घरामागून घर पेटवीत जातो. तरुण पेशव्यास ते पाहण्याची इच्छा झाली. महादजींनी काही दिवस खपून सर्व सिद्धता केली, आणि एका काळोख्या रात्री पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे, सरदार आणि पुण्यातील अफाट जनसमुदाय ह्यांच्यासमोर लंका जळाली.

ह्या हकीकतीतील प्रत्येक बारकावा आमच्या विषयास उपयोगी आहे. काळोखी रात्र मुद्दाम निवडली होती. स्थळ निवडले होते. टेकडीच्या उतारावर हजारो लोकांस एकाच वेळी दिसू शकते. विषय असा निवडला होता की ज्यात आग लागणे हाच कथेचा प्राण आहे. आग तेथे अलंकार म्हणून आलेली नाही, ती एक पात्र आहे. आणि प्रयोग एकच होता. तो पाहावयास लोक आले होते, तो लोकांच्या घरी गेला नव्हता. आधुनिक संकल्पक ज्यास स्थळविशिष्ट रचना म्हणतात ती ह्याहून निराळी काय असते? दारूकामाचा कला म्हणून नव्याने जन्म होत आहे असे जे म्हणतात त्यांस आमचे एवढेच सांगणे की हा जन्म पहिला नव्हे. मधल्या काळात काय हरवले ते पाहणे अधिक उपयुक्त होईल.

मधल्या काळात हरवला तो कर्ता. १९२३ साली, म्हणजे ज्या साली विम्को निघाली त्याच साली, तमिळ मुलखातील शिवकाशीचे षण्मुग नाडर व अय्या नाडर हे दोघे आगपेट्यांचे काम शिकण्यासाठी कलकत्त्यास गेले आणि परत येऊन त्यांनी गावी कारखाना काढला. आगपेट्यांपासून पुढे फटाक्यांपर्यंत हा धंदा वाढला, आणि त्या कोरड्या, दुष्काळी मुलखास त्याने अन्न दिले, हे विसरता कामा नये. परंतु त्याबरोबर दारूकाम पेटीत बंद झाले. पूर्वी दारूगर स्वतः दारू कुटीत असे, स्वतः ठाशीत असे आणि स्वतःच बत्ती देत असे. आता करणारा कोणी, विकणारा कोणी आणि पेटविणारा तिसराच. पेटविणाऱ्यास वाटते की हा पराक्रम आपला. वस्तुतः त्याचे कर्तृत्व पैसे मोजण्यात संपलेले असते. आणि ज्याचे कर्तृत्व पैशाचे आहे तो मोठेपणाही पैशानेच दाखविणार. दहा हजारांच्या माळेपुढे शेजाऱ्याने वीस हजारांची माळ लावावी, ह्यात संख्येवाचून दुसरी कोणतीच वाढ नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की दारूकामास कला म्हणावे ह्या मूळ गोष्टीसच आमची हरकत आहे. जी वस्तू सहा-सात पळेही टिकत नाही ती कला कसली? अंबरनाथचे शिवालय पाहा. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख त्यात आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे ते उभे आहे. त्याच्या भिंतींवरील शिल्पांपुढे आकाशातील ठिणग्यांची मातब्बरी काय? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही, आणि मराठी माणसाने तर तो घेऊच नये. सकाळी घातलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पायांखाली जाते. दिवाळीत मुलांनी मातीचा किल्ला रचावा, त्यावर हळीव पेरावे आणि सुटी संपताच तो मोडावा. गणपतीची मूर्ती तर पाण्यात देण्यासाठीच घडवितात. नाश ठाऊक असूनही रचना नीट करावयाची, हा आपल्या घराघरांतील कलेचा संस्कार आहे. १७४९ साली लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये राजाज्ञेने जे दारूकाम झाले त्यात मंडपच पेटला आणि बेत फसला. त्या प्रसंगासाठी हँडेलने रचलेले संगीत मात्र आजही वाजते. तरीही टिकले म्हणून संगीत श्रेष्ठ आणि जळाले म्हणून दारू कनिष्ठ असे म्हणणे म्हणजे कलेचा निवाडा सराफाच्या काट्यावर करणे होय. जर्मन तत्त्वज्ञ ॲडोर्नो ह्याने तर उलट टोक गाठले आहे: क्षणभर प्रकट होऊन नाहीसे होणारे दारूकाम हा त्याच्या मते सर्व कलाकृतींचा नमुनाच होय.

आम्हांस अधिक उपयोगी वाटतो तो कांट. चुलीतील ज्वाळेचे बदलते आकार किंवा झऱ्याचे खळाळणे ही स्वतः सौंदर्ये नव्हेत, परंतु ती कल्पनेस खेळते ठेवतात म्हणून मोहक वाटतात, असा भेद त्याने १७९० साली केला. नुसता मोह आणि सौंदर्य ह्यांमधली ही रेषा दारूकामातूनच जाते. ती कोठे ओढावयाची हे सांगण्यास मात्र कांटपेक्षा आमचा भरत अधिक समर्थ आहे. नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय हा आहे. आणि तेहेतीस व्यभिचारी भावांत 'त्रास' नावाचा एक भाव आहे. वीज पडणे, उल्कापात, वज्राचा आघात, मेघांचा गडगडाट ही त्याची कारणे भरत देतो. अंग आखडणे, थरथरणे, रोमांच ही त्याची लक्षणे. शास्त्रातील त्रास म्हणजे एकाएकी दचकणे. विस्मय वाढतो, पसरतो, मनात मुरतो. त्रास येतो आणि जातो, त्याचा स्थायी भाव होऊ शकत नाही आणि म्हणून त्याचा रसही होत नाही. मराठी भाषेने हा शब्द उचलला आणि शेजाऱ्याच्या सुतळी बॉम्बास तो तंतोतंत लागू पडेल असा अर्थ त्यास दिला. एवढे अचूक अर्थांतर क्वचितच होते.

ह्या एका भेदाने दारूकामाचा निम्मा पसारा कलेच्या बाहेर जातो. ज्यात आवाजाखेरीज काही नाही त्यास आकृती नाही. ज्यास आकृती नाही त्याचा विस्मय नाही. रंगाविषयीही थोडे बोलावयास हवे. सुमारे चार शतके आपले दारूकाम पिवळ्या, सोनेरी आणि पांढऱ्या उजेडावर चालले; कारण साध्या दारूत दुसरे रंग धरतच नाहीत. पोटॅशियम क्लोरेट हाती आल्यावर, एकोणिसाव्या शतकात, स्ट्राँशियमचा तांबडा आणि बेरियमचा हिरवा उजळला. निळा आजही सर्वांत अवघड, कारण तांब्याचा तो संयुक्त पदार्थ अधिक उष्णतेत टिकत नाही. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांतील बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली, म्हणजे चित्रकाराच्या पेटीतून एक वडी काढून घेतली. कोणी कलावंताने ह्याबद्दल अश्रू ढाळलेले आम्ही ऐकले नाहीत, आणि तसे कारणही नाही. कृष्णधवल छायाचित्रात रंगाची उणीव कोणास भासते? उलट ज्यास केवळ सोनेरी उजेडावर काम भागवावयाचे आहे त्यास उंची, गती, विराम आणि अंधार ह्यांचा विचार करावाच लागतो. अंधार हा दारूकामाचा कागद आहे. आमच्या शहरांतून तो इतका दुर्मिळ झाला आहे की आकाशात काही उमटविण्याआधी रस्त्यावरचे दिवे मालवावे लागतील.

येथवर प्रश्न रसाचा होता. आता धर्माचा येतो. कविता नको असेल तर पुस्तक मिटता येते, नाटक नको असेल तर घरी बसता येते. दारूकाम ही एकच कला अशी आहे की जी न पाहणाऱ्याच्याही कानांत आणि फुप्फुसांत शिरते. जांभूळला दिवाळीच्या रात्री गच्चीवर उभे राहिले म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या तिन्ही गावांचे आकाश एकाच वेळी उजळलेले दिसते. अर्धा तास ते खरोखर सुंदर असते. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यानंतर काही दिसेनासे होते. आश्विनाच्या अखेरीस रात्र थंड पडू लागते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होऊन तिच्यावर जणू झाकण बसते, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातला धूर तेथेच साचतो. आमच्या गावातील जलशुद्धीकरण केंद्रात बारवी धरणाचे पाणी गाळून, निवळून मग लोकांस दिले जाते. पाण्याच्या बाबतीत एवढी व्यवस्था समाजाने केली, कारण पाणी सर्वांचे हे त्यास उमगले. हवा गाळून देणारे केंद्र मात्र कोठेही नाही. ज्याने ती बिघडविली त्याच्यापाशी ती पुन्हा निवळून देण्याचे साधन नाही. आणि एखाद्या घरात दम्याचा रोगी आहे म्हणून आकाशात जागा सोडून फटाका फुटत नाही.

तेव्हा नको असलेल्या प्रेक्षकाचे काय, हा ह्या कलेचा पहिला नैतिक प्रश्न. दुसरा प्रश्न करणाऱ्याचा. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळील एका कारखान्यात स्फोट झाला आणि पस्तीसहून अधिक माणसे गेली. ते लांबचे म्हणावे, तर १ जानेवारी २०२३ रोजी बार्शी तालुक्यात पांगरीजवळ फटाक्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रिया जळून मेल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमध्ये तळवडे येथे वाढदिवसाच्या केकावर लावावयाच्या चमचमत्या मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्यास आग लागली, आणि तेथेही मेलेल्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या. केकावरील ती ठिणगी किती काळ टिकते? बत्ती देणारा एका बाजूस आणि जोखीम घेणारी दुसऱ्या बाजूस, अशी ही वाटणी आहे. शिल्पकाराचा हात छिन्नीखाली सापडला तर निदान शिल्प त्याच्या नावाचे असते.

हे सर्व पाहता सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील कवठे एकंद ह्या गावाकडे आमचे लक्ष वारंवार जाते. तेथे विजयादशमीच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढे शोभेची दारू उडते. ती बाजारातून आणलेली नसते. गावातील मंडळे ती स्वतः तयार करतात. लाकडात दारू ठासून केलेली शिंगटे, औट, झाडे, चक्रे ह्यांचा खेळ रात्रभर चालतो, आणि कोणाचे झाड कसे उमलले ह्याची चर्चा गाव मागाहून करीत राहते. येथे कर्ता आणि पेटविणारा एकच आहे. जोखीम ज्याची कीर्तीही त्याचीच. जपानात एदो नगरीतही रीत अशीच होती: आकाशात फूल उमलले म्हणजे सुमिदा नदीकाठचे प्रेक्षक 'कागिया' किंवा 'तामाया' अशी करणाऱ्या घराण्याच्या नावाने आरोळी ठोकीत. १८४३ साली तामायाच्या दुकानातून आग लागली तेव्हा त्यास नगरातून घालवून दिले गेले. ज्यास नावाने दाद मिळते त्यास नावाने जाबही द्यावा लागतो. आपण पेटी फेकताना तिच्यावरील कारखानदाराचे नावही वाचीत नाही.

कवठे एकंद म्हणजे काही सत्ययुग नव्हे. २०१५ च्या मे महिन्यात तेथील दारूच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्यू पावले. परंपरा आहे म्हणून दारू कोणाची गय करीत नाही. आणि रात्रभरच्या खेळाचा धूर हा शिवकाशीच्या धुराहून पवित्र असतो असेही आम्ही म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की तेथे निदान हिशेब मांडता येतो. किती दारू, कोणी केली, कोणापुढे उडविली, कोण भाजला, हे गावास ठाऊक असते.

आता ज्या चिनी कलावंतामुळे ही चर्चा जगभर झाली त्या त्साय ग्वो-च्यांगकडे वळू. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २००८ साली त्याच्या कार्याचे समग्र प्रदर्शन भरविले, आणि त्याच वर्षी पेइचिंगच्या ऑलिंपिक समारंभात त्याने आकाशातून चालत येणारी एकोणतीस पावले दारूने काढली. दूरदर्शनवर जगाने पाहिलेली त्यांतली बरीच पावले संगणकावर तयार केलेली होती, हे मागाहून कळले. म्हणजे जळली ती दारू आणि पाहिली ती प्रतिमा. ह्यापेक्षा त्याची २०१५ सालची 'आकाशाची शिडी' आम्हांस शतपटीने मोठी वाटते. आपल्या गावाजवळच्या एका बेटावर पहाटे, फुग्यास बांधलेली पाचशे मीटरांची शिडी त्याने खालून पेटविली. ज्वाळा पायरी पायरीने वर गेली आणि दोन-अडीच मिनिटांत संपली. ह्याआधी तीनदा हा बेत बारगळला होता. प्रेक्षक थोडे, आणि सर्व खटाटोप शंभर वर्षांच्या आजीसाठी, जिने तो फोनवर पाहिला. एक आकृती, एक रंग, एक वेळ. पर्वतीच्या लंकेशी ह्या शिडीचे नाते आम्हांस स्पष्ट दिसते.

परंतु तोच कलावंत १९ सप्टेंबर २०२५ रोजी तिबेटच्या उंच डोंगरांत गेला आणि कपड्यांच्या एका कंपनीच्या साह्याने त्याने डोंगराच्या धारेवरून दारूचा नाग धावविला. पदार्थ विघटन पावणारे आहेत, जनावरे आधी हलविली आहेत, अशी ग्वाही दिली होती. तरीही चीनमध्येच एवढा क्षोभ झाला की कलावंतास आणि कंपनीस क्षमा मागावी लागली व सरकारी चौकशी बसली. आम्हांस येथे विचार करण्यासारखे वाटते ते असे की नाग सुंदर नव्हता असे फारसे कोणी म्हटले नाही. आक्षेप होता तो जागेवर. क्षेमेंद्राने ज्यास औचित्य म्हटले ते येथे भंगले: कंठात मेखला आणि कमरेस हार घातल्याने जसे हसे होते तसे. क्षेमेंद्रासाठी औचित्य हा काव्याचा प्राण आहे, नीतीचे कलम नव्हे. दारूकामात मात्र ह्या दोहोंची हद्द एकच होऊन जाते. जेथे, जेव्हा आणि जेवढी दारू शोभत नाही तेथे ती अपायही करते. 'ही कला आहे' हे उत्तर म्हणूनच पुरेसे होत नाही. कला म्हणविणाऱ्यावर फटाके उडविणाऱ्या पोरापेक्षा अधिक जबाबदारी येते, कारण किती पुरे हे जाणणे हेच त्याच्या कसबाचे लक्षण होय.

ह्यावर दोन उपाय सुचविले जातात. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने कमी धुराचे 'हरित' फटाके तयार केले; धूलिकण निदान तीस टक्के कमी, असा त्यांचा निकष आहे. प्रयत्न स्तुत्य आहे, पण तीस टक्के कमी धुराची माळ दुप्पट लांबीची लावली की गणित कोठे जाते हे सांगावयास नको. दुसरा उपाय ड्रोनचा. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या बीटिंग रिट्रीट समारंभात एक हजार ड्रोन आकाशात आकृत्या काढून गेले. ते पाहावयास चांगले होते, धूर नव्हता, कोणी दचकले नाही. परंतु ते यंत्र खाली येऊन पुन्हा पेटीत बसते आणि उद्या तोच खेळ करते. आगीत जो परत न येण्याचा भाग आहे तो त्यात नाही. ती एक वेगळी कला आहे, तिचे स्वागत असो. दारूकामाची जागा ती घेईल असे आम्हांस वाटत नाही, जशी चलच्चित्राने नाटकाची घेतली नाही.

मग आम्हांस हवे तरी काय? एका गावात वर्षाकाठी एक रात्र. नगरपालिकेने दिवे मालवावेत. ज्याने दारू केली त्याचे नाव फळ्यावर असावे. खेळ एक घटकाही नसला तरी चालेल. आणि लोकांनी नदीकाठी किंवा टेकडीवर चालत जाऊन तो पाहावा. सहस्रावधी घरांपुढे सहस्रावधी माळा लावण्यास जेवढी दारू लागते तिच्या अल्पांशात हे होईल.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. अशा व्यवस्थेत सर्व गाव प्रेक्षक होईल. मग मुलाच्या हातात काय उरले? संगीताच्या मोठ्या जलशांमुळे घरातले गाणे बंद पडले तसे हेही होणार. ह्याचे उत्तर आम्ही फुलबाजीत शोधतो. अंगणात काळोखात उभे राहून पाच-सहा वर्षांचे पोर पेटत्या फुलबाजीने हवेत आपले नाव लिहू लागते. पहिले अक्षर पुरे होण्याच्या आत पुसट होते, म्हणून ते घाई करते. घाईत काना चुकतो. पुन्हा आरंभापासून लिहिते. येथे करणारा, पाहणारा आणि जोखीम घेणारा एकच आहे, आणि काढलेली आकृती कोणाच्या दारात जात नाही. धूर थोडा होतोच; तो आम्ही जमेस धरला आहे, आणि तारेची तापलेली काडी टाकावयास जवळ पाण्याची बादली असावी हेही. पाचशे वर्षांपूर्वी एका राजाच्या नावावर लिहिल्या गेलेल्या पुष्पवर्तीचा तो वंश आहे. सुतळी बॉम्बाच्या बाजूने असा काही युक्तिवाद कोणास सुचत असेल तर तो ऐकण्यास आम्ही तयार आहोत. मात्र तो दिवाळीच्या रात्री सांगू नये, ऐकू येणार नाही.